फार्गोची सीट

शब्बीरभाई गेले आणि त्यांची फार्गो जमीरच्या वाट्याला आली. वाट्याला म्हणजे, दुसरं कोणी घेणारं नव्हतंच. शब्बीरभाईंनी लग्न केलं नाही. नेरच्या बस स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी सारा जन्म इंजिनं खोलण्यात आणि बसवण्यात घालवला. त्याच शेडच्या कोपऱ्यात ही हिरवी, गोल नाकाची जुनी पिकअप उभी असायची. वडिलांच्या काळात ती जिनिंगमधून सरकीची पोती वाहायची. मूळचं पेट्रोलचं इंजिन केव्हाच संपलं होतं. भाईंनी त्यात डिझेलचं बसवलं, ब्रेक नवे केले, कागदपत्रं दरवेळी धावपळ करून ताजी ठेवली. फक्त सीट नव्हती. आतली लांब सीट उंदरांनी आणि वाळवीनं खाल्ली, तेव्हा भाईंनी ती उपटून फेकली आणि तिच्या जागी एक लाकडी खोकं ठेवलं. खोक्यावर घडी केलेलं पोतं. त्यावर बसून ते गावभर फिरायचे.

लोक हसायचे, कारण धाकटा भाऊ सीटाच शिवायचा. जमीरचं कुशनचं दुकान स्टँडसमोर होतं. मोटरसायकल, ऑटो, ट्रॅक्टर, कधीमधी एखादी जीप. नेर तालुक्यात निम्मे लोक त्यानं शिवलेल्या रेक्झिनवर बसून फिरत. भावाला तो म्हणायचा, "भाई, मी करून देतो नं." भाई म्हणायचे, "राहू दे. नरम बसलो का झोप येते मले."

भाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. बॅटरी बसू नये म्हणून जमीर दर शुक्रवारी नमाजनंतर शेड उघडायचा, खोक्यावर बसून गाडी चालू करायचा आणि थोडा वेळ तसाच बसून राहायचा. घरी जायची घाई नसायची. घरी कोणी नव्हतं.

त्याची बायको नुजहत नागपूरला होती. चार वर्षांपूर्वी मुलीच्या, निलोफरच्या, बाळंतपणासाठी गेली. दोन महिन्यांत येते म्हणाली होती. मग बाळ लहान होतं. मग निलोफरची दवाखान्यातली नर्सची ड्यूटी पुन्हा सुरू झाली. मग दुसरं बाळ झालं. जमीरही एकदा तिकडे राहून पाहायला गेला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याला हात कुठे ठेवावे ते कळेना, आणि पंधरवड्यात तो परत आला. भांडण झालेलं नव्हतं. भांडण असतं तर मध्ये कोणाला तरी घालता आलं असतं, समजूत काढता आली असती. फोनवर ती नीट बोलायची. "ईदले येतं का?" असं त्यानं विचारलं की म्हणायची, "कशी येऊ जी? मले गाडी लागते, तुमाले माहीत नाही का?"

ते खरंच होतं. बसमध्ये पाय ठेवला की नुजहतला मळमळायला लागायचं. जावयाच्या कारमध्ये तर काचा बंद, एसी चालू. नागपूरला जाताना कळंबपासून वर्ध्यापर्यंत तिनं पिशव्या भरल्या होत्या.

त्या शुक्रवारी गाडी चालू करून बसला असताना जमीरला एक गोष्ट आठवली. लग्नानंतर दारव्ह्याहून नुजहतला नेरला आणलं ते याच फार्गोत. भाई चालवत होते, मध्ये जमीर, आणि खिडकीशी ती. तिच्या माहेरच्यांनी लिंबं दिली होती, ओवा दिला होता. पण काच खाली, समोर सगळा रस्ता दिसतोय, उंच सीट; ती बुरख्याचा पडदा मागे टाकून वारं खात बसली. काही झालं नाही. नेर आलं तेव्हा तिनं हळूच विचारलं होतं, "आलं बी इतक्यात?"

जमीरनं इंजिन बंद केलं. खोक्यावरून उठला आणि हातानं आतली रुंदी मोजू लागला.

कुशनवाल्याला एक सीट करणं काय मोठं, असं कोणालाही वाटेल. शिवण त्याच्या हातात होती. पण सीटचा जीव असतो तिच्या सांगाड्यात आणि स्प्रिंगांमध्ये. पाटावर फोम ठेवून रेक्झिन ताणलं असतं तर तो बाक झाला असता. खड्डा आला की माणूस उडणार आणि पोटातलं घशाशी येणार. नुजहतसाठी सीट करायची तर धक्का खालीच जिरला पाहिजे. त्यासाठी जुनी, लोखंडी सांगाड्याची, अख्खी लांब सीट हवी होती.

यवतमाळच्या भंगारात तो दोनदा जाऊन आला. जिकडेतिकडे दोन-दोन वेगळ्या सीटा. एक भंगारवाला म्हणाला, "काका, लंबी सीट आता कुठी मिळते? आता जो तो आपआपल्या सीटवर बसते." त्यानंच राजूरच्या खेमसिंगचं नाव सांगितलं. कोळशाच्या खाणींवरच्या जुन्या गाड्या त्याच्याकडे तुटायला येतात, त्याच्याकडे काहीही निघू शकतं.

जमीर बसनं वणीला आणि तिथून ऑटोनं राजूरला गेला. खेमसिंगच्या आवारात ट्रकांची केबिनं एकावर एक रचलेली होती आणि सगळ्यांवर काळी बारीक धूळ. खेमसिंगनं त्याचं म्हणणं ऐकलं, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "होती एक. जुनी अ‍ॅम्बेसिडर तोडली होती मी, पुढची सीट सबन होती, एकच लांब. पण ते मुकुटबनच्या नानाजीनं नेली. ओट्यावर ठेवली त्यानं बसाले."

"देईल का तो?"

"इचारून पाहा. माणूस चांगला आहे. पण बसला का उठत नाही."

मुकुटबनला नानाजींचं घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर विटांच्या थरावर ती सीट होती, वर गोधडी अंथरलेली, आणि तिच्या मधोमध पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा शेतकरी बसलेला. आतल्या खोलीत कापसाचा ढीग छतापर्यंत गेला होता.

"बसा नं जी, उभे काहून?" नानाजी थोडे सरकले.

जमीर बसला. बसल्याबरोबर त्याला खालचं सगळं कळलं. स्प्रिंगा जिवंत होत्या. डाव्या कोपऱ्यात एक तुटलेली, बाकी ठीक. त्यानं नकळत हात मागे नेऊन पाठीची चौकट चाचपली.

"कायसाठी आले होते?" नानाजींनी विचारलं.

"हिच्यासाठीच," जमीर म्हणाला आणि सीटवर थाप मारली.

नानाजी हसले. मग त्याचं तोंड पाहून थांबले. "नाही जमत, भाऊ. संध्याकाळी दोघं-तिघं येतात इथं माह्याजवळ. पहिले लय यायचे, आता तितकेच राह्यले. ही नेली तं तेही यायचे नाहीत. जमिनीवर बसाचं अन् उठाचं कोणाच्यानं होते आता?"

जमीरला सौदा करायची सवय होती, पण या म्हाताऱ्यापुढे तो सौद्यात शिरला नाही. त्यानं सरळ सांगितलं. नेरला आपलं कुशनचं दुकान आहे, बायको नागपूरला असते, तिला गाडी लागते, जुन्या फार्गोत लागत नव्हती, म्हणून तिला आणायला ही सीट हवी. नानाजींच्या बायकोनं, मैनाबाईंनी, तोवर चहा आणला होता. त्या दारातच उभ्या राहून ऐकत होत्या.

"येतो म्हणाल्या का त्या?" मैनाबाईंनी विचारलं.

"तिले बस लागते नं, बाई."

"ते नाही इचारलं मी."

जमीरनं चहा बशीत ओतला. तो निवलेला होता तरी त्यानं फुंकर मारली.  मैनाबाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "देऊन टाका. तुमाले बाक करून आणतीन ते."

"गादीचा?" नानाजींनी जमीरकडे पाहिलं.

"गादीचा. पाठीचा. तुमाले उठाले हात लागतील असे दांडेही लावतो."

असं ठरलं. जमीर परत नेरला आला आणि आधी नानाजींचा बाक केला. सुताराकडून सागाची चौकट घेतली, वर जाड गादी शिवली, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. तो बाक फार्गोच्या मागे बांधून एका पहाटे निघाला. नेरहून मुकुटबन म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. सबंध रस्ता तो भावाच्या खोक्यावर बसून गेला. वणी येईपर्यंत त्याच्या कंबरेत कळ उभी राहिली, आणि भाई वर्षानुवर्षं हे कसं सोसत होते याचं त्याला नवल वाटलं.

नानाजी नव्या बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. "कडक आहे," ते म्हणाले.

"बसून बसून नरम होईल."

मैनाबाईंनी तुरीच्या डाळीची एक थैली आणून गाडीत ठेवली. "त्याईले द्या. घरच्या तुरीची आहे म्हणा."

सीट घरी आली तेव्हा खरं काम सुरू झालं. ती दुकानात मावेना, म्हणून जमीरनं भाईंच्या शेडमध्येच काम मांडलं. जुनं कापड फाडलं, काथ्या काढला, आणि लोखंड उघडं पडल्यावर पाहिलं तर सीट फार्गोच्या दोन दारांमधल्या जागेपेक्षा चार बोटं रुंद होती. दार लागलंच नसतं. तिला मधोमध कापावं लागलं. वेल्डिंगवाल्याकडून चौकटीचे दोन्ही तुकडे एकमेकांत सरकवून जोडून घेतले, वरून पट्टी मारली. सरकायच्या पट्ट्या कारच्या होत्या, त्या इथल्या भोकांना जुळत नव्हत्या. त्या काढून टाकल्या. मागे डिझेलची टाकी होती, म्हणून पाठ फार कलती करता येईना. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कारची सीट बसकी. फार्गोत ठेवली तर माणसाच्या डोळ्यांपुढे फक्त बोनेट. म्हणून खाली लोखंडी अँगलचा एक स्टँड करायचा होता.

किती उंच?

इथे जमीर अडकला. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की तो त्याच्या चालीवरून सीट किती उंच लागेल ते सांगायचा. पण नुजहतचे पाय जमिनीला टेकायला किती उंची लागते, हे त्याला सांगता येईना. ती बुटकी होती इतकंच माहीत. खांद्याला लागायची. गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती? सदतीस वर्षांच्या संसारात ते मोजायची वेळ आली नव्हती.

फोन करून विचारावं असं वाटलं, पण मग कशासाठी ते सांगावं लागलं असतं. संध्याकाळी त्यानं घरी जाऊन तिची पेटी उघडली. चार वर्षं ती कोणी उघडली नव्हती. वर एक फिकट निळा सलवार-कुर्ता होता. सलवार त्यानं पलंगावर पसरली. गुडघ्याजवळ कापड थोडं घासलेलं होतं, खाली बसून भाकरी थापताना घासलं असावं. तिथून खालच्या काठापर्यंत त्यानं टेप लावला. मग तिची एक जुनी चप्पल शोधून तिच्या टाचेची जाडी मोजली. आकडा लक्षात ठेवला, सलवार घडी करून ठेवली. घडी तिच्यासारखी होईना. दोनदा केली, तरी दोन्ही पायांचे काठ जुळेनात. शेवटी तशीच आत ठेवून पेटी लावली.

रस्ता दिसायला जितकी उंची हवी होती तितक्या उंचीवर तिचे पाय लोंबकळणार होते. म्हणून त्यानं सीट उंच केली आणि तिच्या बाजूला खाली पाय ठेवायला लाकडाची एक तिरपी फळी बसवली. तुटलेली स्प्रिंग बदलली. स्प्रिंगांवर तागाचं जाड कापड, त्यावर नवा काथ्या पिंजून, त्यावर पातळ फोम. रेक्झिन तपकिरी घेतलं, कडांना पांढरा गोट. तिच्या बाजूचा काथ्या त्यानं जरा जास्त दाबून भरला, कारण फार मऊ सीट हलत राहते आणि हलत राहिली की मळमळतं. शेडवरून येणारे-जाणारे विचारायचे, "कोणाची आहे जी?" तो म्हणायचा, "घरची."

सीट बसवली त्या दिवशी तो दारव्हा रस्त्यानं थोडा लांब गेला आणि परत आला. शेजारी दोन माणसांची जागा रिकामी होती. वळणावर त्याची नजर सारखी तिकडे जायची.

नागपूरला जायच्या आधी त्यानं फक्त निलोफरला कळवलं. नुजहतला सांगू नको म्हणाला. कळंब, देवळी, वर्धा करत तो दुपारच्या आधी बिल्डिंगखाली पोहोचला आणि हॉर्न वाजवला. गॅलरीत बायका आल्या, पोरं आली. नुजहत वरून खाली पाहत राहिली आणि मग तोंडावर हात ठेवून हसली. तिला असं हसताना त्यानं किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

ती खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारली. "भाईची गाडी!" म्हणाली. मग दार उघडून सीटवर हात फिरवला. "तुमी केली?"

"बस नं."

ती चढली. पाय फळीवर बरोबर टेकले. तिनं खाली फळीकडे पाहिलं. जमीरनं तिच्या बाजूची काच खाली केली आणि गाडी काढली. गर्दीतून निघून ते वर्धा रोडला लागले. विमानतळ मागे गेलं, पूल मागे गेले. नुजहत खिडकीवर कोपर ठेवून बसली होती. वाऱ्यानं ओढणी उडत होती, ती एका हातानं धरून ठेवत होती. रस्त्यात एका बाईकडून तिनं पेरू घेतले, तिखट-मीठ लावून. खाताखाता एक फोड त्याच्यापुढे धरली. गावाबाहेर आल्यावर एका चहाच्या टपरीसमोर झाडाखाली जमीरनं गाडी थांबवली.

"मळमळलं?"

"नाही."

"डोकं?"

"काहीच नाही." तिलाही नवल वाटत होतं. "लय मस्त केली तुमी सीट. वरून सारं दिसते."

 त्यानं मुकुटबनची गोष्ट सांगितली, राजूरची सांगितली, नानाजींना बाक कडक वाटला तेही सांगितलं. डाळीची थैली तिच्या मांडीवर ठेवली. "मैनाबाईनं तुह्यासाठी देल्ली. बाई मोठी डोक्याची आहे. तिनं मले इचारलं, येतो म्हणाल्या का त्या?"

"मंग तुमी काय सांगतलं?"

"बस लागते म्हणालो." तो हसला. "आता ते तं राह्यलं नाही. मंग चालतं का? आज राहू, उद्या निघू."

नुजहतनं थैलीची गाठ सोडली, डाळ हातात घेऊन पाहिली, पुन्हा गाठ मारली. टपरीवरून चहा आला. तिनं पेला हातात धरला, पण प्यायली नाही.

"गाडी लागते हे खोटं नव्हतं," ती म्हणाली. "पण तितकंच नव्हतं."

जमीरनं आपला पेला समोर ठेवला.

"इथं दुपारी बिल्डिंगीतली लहान लहान पोरं येतात माह्याजवळ. अरबी शिकवतो मी त्याईले. अलिफ, बे. त्याईच्या आया येऊन बसतात. कोणाचं काही, कोणाचं काही. कोणी तापलं तं मलेच बोलावतात. दिवस कुठी गेला समजत नाही जी." ती समोरच्या रस्त्याकडे पाहत होती. "तिकडं मले दिवस समजत होता. सारा समजत होता."

"मी काही कमी पडू देल्लं का?"

"नाही नं. तसं काहून म्हणू? तुमी वाईट नव्हते. सकाळी दुकानात जायचे, डबा तिकडंच. रात्री आले का जेवले, झोपले. कधी मारलं नाही, कधी बोल्ले नाही." तिनं पेल्याची कड बोटानं पुसली. "बोल्लेच नाही."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्यानं फार्गो हलली. सीट खाली-वर झाली आणि थांबली.

"निलोफर शाळेत गेली का घरात मी अन् भिंती. मंग ते लग्न होऊन गेली. तुमाले आता चार वर्षं झाले एकटं राहून. मी तिथं तीस वर्षं होतो."

ती चिडून बोलत नव्हती. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता, एखादा शब्द तरी रागाचा येईल म्हणून. 

"तवा काहून नाही सांगतलं?" त्यानं विचारलं.

"काय सांगू? दुकान बंद करा म्हणू? तुमी तं कामच करून राह्यले होते."

"मी येऊ इकडं?"

"पाह्यलं नं एकदा. तुमचे हात रिकामे राहत नाहीत. तुमी खिडकीत उभे राहून खालच्या गाड्याईच्या सीटा पाहत होते." या वेळी ती थोडी हसली. मग तिनं चहा प्यायला, सगळा, एका दमात. "चला. पोरं येतीन आता."

जमीरनं गाडी वळवली.  परतीच्या वाटेवर तिनं सीटच्या कडेचा पांढरा गोट बोटानं दाबत विचारलं, "मशिनीवर मारला का हातानं?"

"हातानं."

"छान आहे," ती म्हणाली.

निलोफरनं रात्री थांबायचा आग्रह केला, तो राहिला. नातवंडांना सकाळी गाडीत बसवून एक चक्कर मारून आणली. निघताना नुजहतनं डबा दिला, खाली गाडीपर्यंत आली. दार तिनंच लावलं, जोरात, कारण फार्गोचं दार हळू लावलं तर बसत नाही.

"फोन करजा," ती म्हणाली. "अन् फोनवर तब्येत बरी आहे का, येवढंच नका इचारत जाऊ. दुसरं काही सांगत जा."

"काय सांगू?"

"ते मले काय माहीत?"

वर्ध्यापर्यंत तो सरळ आला. डबा शेजारी ठेवला होता; रेक्झिन नवं, गुळगुळीत, प्रत्येक वळणाला तो त्या रिकाम्या सीटवरून घसरत दुसऱ्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. देवळीजवळ एकदा खाली पडला. जमीरनं गाडी थांबवून तो उचलला, झाकण नीट केलं, आणि मग यवतमाळपर्यंत डावा हात डब्यावर ठेवून गाडी चालवली. गिअर बदलताना तेवढा हात काढायचा. यवतमाळच्या पुढे कापूस वेचून परतणाऱ्या बायकांनी हात केला. तो थांबला. दोघी पुढे बसल्या, बाकीच्या मागे. पुढच्या दोघी आपसात कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या, एक म्हणाली, "किती मऊ आहे वं हे!" आणि दुसरी हसली. लासिन्याच्या फाट्यावर त्या उतरल्या. उतरताना "अल्ला भलं करो, चाचा" म्हणाल्या. त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान उघडलं. एका ऑटोची मागची सीट शिवायची होती, ती घेतली. दुपारची अजान झाली तसं त्यानं काम अर्धंच ठेवलं आणि शटर खाली ओढलं. समोरच्या पानठेल्यावाल्यानं विचारलं, "काय झालं जी? तब्येत?"

"काही नाही. घरी जाऊन येतो."

भर दुपारी तो घरी कधी आला होता ते त्याला आठवेना. नमाज पढला. डब्यातली उरलेली भाजी गरम करून जेवला. मग मधल्या खोलीत, जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसला. पहिल्यांदा काही ऐकू आलं नाही. मग स्टँडवरच्या बसचा हॉर्न, फार लांबून. पत्र्यावर कबुतराची नखं. मोरीतल्या नळाचा एक थेंब, बऱ्याच वेळानं दुसरा. शेजारच्या घरात कोणीतरी भांडं ठेवलं आणि पुन्हा शांत झालं. आता बराच वेळ झाला असेल असं समजून त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तर काटा जवळजवळ तिथंच होता. उठून दुकानात जावं असं त्याला दोनदा वाटलं. तो उठला नाही.

त्यानं नुजहतला फोन लावला. मागे पोरांचा गलका होता, सगळी एका सुरात काहीतरी घोकत होती.

"आता पोरं बसलेत," ती म्हणाली. "संध्याकाळी करा."

"बरं."

फोन ठेवून तो तसाच बसून राहिला. दाराशेजारच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. सुरुवातीला तो फरशीवर होता. हळूहळू सरकत समोरच्या भिंतीवर चढला, खुंटीपर्यंत गेला, पिवळा झाला, आणि मग विझला. जमीरनं तो शेवटपर्यंत पाहिला.

दिवेलागणीला त्यानं पुन्हा फोन केला. या वेळी मागे शांत होतं.

"आज दुपारी घरीच होतो," तो म्हणाला.

"काहून? बरं नाही का?"

"बरा आहे. बसलो होतो नुसता." त्यानं काय सांगावं ते शोधलं. "मधल्या खोलीत ऊन येते दुपारचं. समोरच्या भिंतीवर. मले माहीतच नव्हतं."



"हिवाळ्यात येते," नुजहत म्हणाली. "खुंटीपर्यंत जाते. उन्हाळ्यात नाही येत तसं, खिडकीखालीच राहते."

"हो. खुंटीपर्यंतच गेलतं."

"मी तिथं निलोफरचे केस वाळवायची," ती म्हणाली, आणि मग ती खिडकी, ती भिंत, पावसाळ्यात तिथं धरणारी ओल, याबद्दल बोलत राहिली. जमीर अंधारात बसून ऐकत होता. दिवा लावायला उठावं लागलं असतं, आणि तिचं बोलणं अजून चालू होतं.